मूडबिद्रीची ताडपत्रे आणि सोलापूरचे शेठजी

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस आपण श्रुतपंचमी साजरी करतो. जिनवाणीची मिरवणूक निघते, ग्रंथांना नवे वेष्टन चढते, पूजा होते. ज्या षट्खंडागमाच्या पूर्ततेची ही तिथी मानली जाते, तो ग्रंथ आपल्या हाती कोणकोणत्या हातांतून आला, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. त्या हातांत सोलापूरचे हातही आहेत, म्हणून हा विषय आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी आपले श्रुतज्ञान पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना दिले आणि त्यांनी ते सूत्रबद्ध केले, ही कथा सर्वांना परिचित आहे. राष्ट्रकूटांच्या काळात वीरसेनाचार्यांनी त्यावर बहात्तर हजार श्लोकप्रमाण ‘धवला’ टीका रचली. कषायप्राभृतावरील ‘जयधवला’ टीका त्यांनी आरंभिली व त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ती 837 मध्ये पूर्ण केली. काळाच्या ओघात या ग्रंथांच्या इतर प्रती लोपल्या. उरल्या त्या दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीतील ताडपत्रे.

ही ताडपत्रे बाराव्या शतकाच्या सुमाराची, होयसळ काळातील. भाषा प्राकृत व संस्कृत, लिपी मात्र जुनी कन्नड. त्यांतील काही पानांवर रंगीत चित्रे आहेत. तीर्थंकर, बाहुबली, यक्ष-यक्षी आणि हात जोडून बसलेले श्रावक-श्राविका बोटभर उंचीच्या जागेत रेखाटलेले दिसतात. दक्षिणेतील सचित्र ताडपत्रांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

ही पोथी प्रथम कोणाची होती? धवलेच्या प्रतीतील प्रशस्ती सांगते की, देमियक्का नावाच्या राजघराण्यातील श्राविकेने श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनप्रसंगी ती शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केली. म्हणजे या ग्रंथाची पहिली ज्ञात स्वामिनी एक स्त्री, आणि तिची मालकी दानात विसर्जित झालेली. ज्या व्रताच्या पूर्ततेसाठी तिने ही ताडपत्रे दिली, तेच व्रत आजही आपल्या घरांतील माता-भगिनी करतात.

पुढे शतकानुशतके या ग्रंथांचे दर्शन होत राहिले, वाचन मात्र थांबले. यात्रेकरू येत, रत्नांच्या प्रतिमा पाहत, सिद्धांतग्रंथांना नमस्कार करून परतत. रक्षकांच्या निष्ठेमुळेच ती पाने टिकली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण कीड आणि दमट हवा यांना निष्ठा कळत नाही.

1883 मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेसाठी तेथे गेले. ताडपत्रांची जीर्णावस्था पाहून त्यांनी आपली चिंता सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविली. ‘जैन बोधक’ या मासिकाद्वारे समाजजागृती करणारे हिराचंद शेठजी स्वतः मूडबिद्रीस गेले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरि शास्त्री यांना त्यांनी सोबत नेले व त्यांच्याकडून धवलेचे मंगलाचरण वाचवून घेतले. त्यानंतर द्रव्य जमविणे, विश्वस्तांचे मन वळविणे, जुनी लिपी जाणणारे लेखक मिळविणे यांत वर्षे गेली. 1896 च्या सुमारास प्रतिलिपीचे काम सुरू झाले आणि महाबंधासह ते पुरे होण्यास 1922 साल उजाडले.

तथापि, तयार झालेल्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, अशी अट होती. मिरजेचे गजपती उपाध्याय हे लेखकांपैकी एक. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांच्याकडे गेली, तेथे तिचे नागरी लिप्यंतर झाले आणि त्यावरून पुढील प्रती निघाल्या. या कृतीला काय म्हणावे? दिलेला शब्द मोडणे हा दोषच. पण अभ्यासकांना धवला प्रथम लाभली ती याच मार्गाने, हेही खरे. अशी वेळ येऊ नये म्हणून रक्षकांनीच योग्य काळी दार उघडावे, हा यातील बोध मला अधिक मोलाचा वाटतो.

ते दार पुढे उघडलेही. अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास साहाय्य केले. 1958 पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. गणिताच्या अभ्यासकांना त्यांत ‘अर्धच्छेद’ सापडला: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते याचे मोजमाप, म्हणजे आजच्या लॉगॅरिदमचेच एक रूप. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. आणि ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या त्यागातून उभ्या राहिलेल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने धवलेच्या सुधारित आवृत्तीचे प्रकाशन 1973 पासून हाती घेतले. हिराचंद शेठजींच्या गावातच ते कार्य पुढे चालले.

याच्या उलट कल्पसूत्राच्या अनेक सचित्र पोथ्यांची गत झाली. चित्रांसाठी त्यांची पाने सुटी विकली गेली. आज एकाच पोथीची पाने निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत व खासगी संग्रहांत विखुरलेली आढळतात. चित्र वाचले, ग्रंथ मात्र मोडला.

आपल्या घरी वा गावच्या मंदिरात जुने हस्तलिखित असल्यास ते कोरड्या जागी, स्वच्छ सुती वेष्टनात, दोन फळ्यांमध्ये ठेवावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. शेवटच्या पानावर लेखकाचे, दात्याचे नाव व संवत असते. ते जाणकाराकडून वाचवून घ्यावे. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून एक संच मंदिरात आणि एक ग्रंथालयात ठेवावा. एकही पान सुटे करून कोणास देऊ नये.

येत्या श्रुतपंचमीस पोथीला अर्घ्य वाहण्यापूर्वी तिचे वेष्टन सोडून दोन ओळी वाचाव्यात. देमियक्काने दान केले ते वाचले जावे म्हणूनच.