वाट कोणी लावली?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि लिहितोय ते भांडायला. नातेवाईकांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण भांडण शेवटी घरातच येणार आहे.

झालं असं की पुण्याच्या एका सायकलवाल्या मित्राने परवा फोटो पाठवले. हल्ली त्याला ग्रॅव्हल बायकिंगचं वेड लागलंय. म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाडजूड, आणि डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम, मातीच्या वाटांनी हिंडायचं. युरोपात याचं मोठं प्रस्थ आहे. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून असे शेकडो किलोमीटरचे मार्ग आखलेत म्हणे. फ्रान्स परवडत नाही म्हणून हा आमच्या जुन्नर-आंबेगावात येतो. हरकत काहीच नाही. डिंभ्याच्या कालव्याकडेचा मुरुमाचा रस्ता, जुन्नरहून आपटाळ्यावरून नाणेघाटाकडे जाताना लागणारे आडवाटांचे फाटे, द्राक्षबागांमधल्या पाणंदी... मीही त्याच्याबरोबर दोनदा हिंडलोय, आणि खोटं कशाला बोलू, मजा येते.

फोटोत ओतूरच्या बाजूचा एक नवाकोरा डांबरी रस्ता होता. खाली याची ओळ: "गेल्या वर्षी इथे झकास मातीचा रस्ता होता. यांनी डांबर टाकून वाट लावली!" खाली पंधरा जणांनी रडके चेहरे टाकलेले.

वाट लावली! मित्रा, शब्द अगदी नेमका वापरलास, फक्त अर्थ उलटा झाला. त्या लोकांनी खरोखरच वाट लावली, म्हणजे मार्गी लावली.

तू येतोस डिसेंबरात. तेव्हा मुरूम दाबलेला असतो, हवा थंड, दोन्हीकडे हिरवा कांदा. जुलैत ये एकदा. आमच्याकडची काळी माती ओली झाली की सायकल सोड, चप्पलसुद्धा पायात राहत नाही. दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत जायचं. टोमॅटो ऐन तोडणीला आलेला आणि पिकअप वस्तीपर्यंत येत नाही, म्हणून क्रेट खांद्यावरून वाहायचे. नारायणगावच्या बाजारात त्या दिवशी भाव असला तरी माल तिथे पोचायला तर हवा! २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या चुलतीच्या छातीत रात्री दुखायला लागलं. जीप रस्त्यावर उभी, वस्ती आत. चार जणांनी तिला बाजेवर घालून चिखलातून नेलं. वाचली, देवाची कृपा. पण त्या अर्ध्या किलोमीटरला किती वेळ लागला हे मी विसरलेलो नाही. त्या पाणंदीचा फोटो मित्राने गेल्या हिवाळ्यात "स्वर्ग" असं लिहून टाकला होता.

यावर त्याचं ठरलेलं उत्तर असतं: फ्रान्समध्ये बघ, पॅरिस-रूबे शर्यतीसाठी जुने दगडी रस्ते कसे जपतात! जपतात, खरं आहे. त्यासाठी तिथे हौशी लोकांची संस्थासुद्धा आहे. पण ते जपतात काही निवडक तुकडे, आणि तिथल्या शेतकऱ्याला घरी जायला दुसरा चांगला रस्ता असतो. आमच्याकडे पाणंद हाच एकमेव रस्ता. आणि जुन्या वाटांचंच म्हणाल, तर नाणेघाट घ्या. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. घाटाच्या चढणीला दगड बसवलेत. ते बसवताना कोणा व्यापाऱ्याने "मातीची मजा गेली" म्हणून गळा काढला असेल असं मला तरी वाटत नाही.

पण मंडळी, मित्राच्या रडण्यात एक गोष्ट खरी आहे. वाटा नाहीशा होताहेत. फक्त त्या डांबराने नाही, नांगराने होताहेत. डांबर टाकलं तरी वाट राहते, नांगर फिरला की संपते.

शेतात राहिलेल्यांना हे सांगायला नको. दरवर्षी पावसाच्या आधी नांगरट करताना फाळ वीतभर पाणंदीत घालायचा. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. मग तिथे बांध घालायचा, बांधावर शेवगा लावायचा, आणि वीस वर्षांनी शेवग्याकडे बोट दाखवून म्हणायचं, हे बघा आमची हद्द इथपर्यंत! जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. गाडीरस्ता म्हणजे तिची निदान अर्धी, साडेसोळा फूट. गावनकाशावर तो दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला असतो. नकाशावर आजही आहे. जाग्यावर जाऊन बघा, ट्रॅक्टरचं एक चाक कुणाच्या तरी कांद्यात.

कायदे नाहीत असं नाही. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, पण त्यात अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. आणि सहा महिने तर आपल्याकडे "जाऊ दे, भावकीच आहे" म्हणण्यातच जातात. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायला सांगितलं. चांगलंच आहे. पण योजनेचा मुरूम टाकायला आधी जागा मोकळी हवी ना! ती कोण सोडणार?

फ्रान्सकडून शिकायचंच तर हे शिकू या. तिथेही शेतांचं एकत्रीकरण झालं तेव्हा पुष्कळ गाववाटा नांगराखाली गेल्या. मग १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला पायवाटांचा आराखडा करायला सांगितलं. आराखड्यातली गाववाट विकायची झाली तर वाट तुटू नये म्हणून बदली वाट द्यावी लागते. मित्राचे ते सुंदर मार्ग तिथे टिकले ते माती जपली म्हणून नाही, वाटेचा हक्क कागदावर जपला म्हणून.

म्हणून सायकलवाल्यांना माझं सांगणं आहे. या, जरूर या. कांद्याच्या वाफ्यातून, ठिबकच्या नळ्यांवरून सायकल घालू नका आणि पहाटे उसाच्या कडेने एकटे फिरू नका, बिबट्याला तुमच्या सायकलची किंमत कळत नाही. पण डांबरावर रडणं बंद करा. रडायचंच असेल तर अर्ध्यावर बांध घालून बंद केलेल्या वाटेवर रडा. गावातल्या माणसाला विचारा, ही वाट पूर्वी कुठे जायची? तिचा फोटो टाका, तारीख टाका. वापरातली वाट मोडायला माणूस जरा कचरतो. तुमच्या चाकांचा एवढा उपयोग झाला तरी खूप झालं.

आता घरात येतो.

आमच्या वस्तीवर जाणारी पाणंद मी लहान असताना दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एक बाजूला घेऊन निघून जायच्या एवढी होती. आज एक पिकअप जेमतेम शिरते. खालच्या अंगाला त्यांनी खाल्ली हे आपण सगळे चवीने सांगतो. वरच्या अंगाला कोणी खाल्ली? आपण. आजोबांनी थोडी, काकांनी थोडी, आणि दादा, तू लावलेली ती सीताफळाची ओळ नकाशाप्रमाणे रस्त्यात येते. मी स्वतः टेप लावून पाहिलंय. मी शहरात राहतो, मला बोलायला काय जातं, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरंही आहे. पण त्या जमिनीत माझंही नाव आहे, म्हणजे या चोरीत मीही वाटेकरी आहे. काकूला ज्या चिखलातून बाजेवर नेलं तो आपणच अरुंद केलेला होता. रुंदी असती तर मुरूम पडला असता, आणि मुरूम पडला असता तर जीप दारात आली असती.

येत्या उन्हाळ्यात मोजणी मागवू या, फी मी भरतो. आणि खालच्यांना नोटीस धाडायच्या आधी आपला बांध मागे घेऊ. जाणार आहे ते दोन-तीन गुंठे. सीताफळं मी स्वतः दुसरीकडे लावून देईन.

असो. ज्यांना राग आला असेल त्यांनी इथेच खाली लिहावं. आईला फोन करून माझी तक्रार करू नये, तिला हे आधीच वाचून दाखवलंय. ती एवढंच म्हणाली, "पावसाच्या आत करा."