मालमोटारीचा खरा खर्च

धानाच्या हमीभावाची गोष्ट निघाली म्हणजे आपण शेतकरी आग्रहानें सांगतों कीं, उत्पादनखर्च काढतांना घरच्या माणसांची मजुरी, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतलेल्या भांडवलाचें व्याज हीं धरलींच पाहिजेत. कृषि खर्च व मूल्य आयोगाच्या परिभाषेंत हाच ‘सी-२’ खर्च होय. ही मागणी न्याय्य आहे. परंतु तोच शेतकरी कर्ज काढून मालमोटार घेतो व स्वतः चालवूं लागतो, तेव्हां हा न्याय तो विसरतो. भाड्यांतून डिझेल वजा करून जें उरेल, त्यास तो नफा म्हणतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नव्या मोटारमालकानें पहिल्या प्रथम हीच चूक टाळावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मोटारीचा मोह समजण्यासारखा आहे. बल्लारपूर-राजुऱ्याकडील कोळसा, गडचांदूरकडील सिमेंट, एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडचें लोहखनिज आणि मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज येथील धानगिरण्या यांमुळें रस्त्यावर मालाची वर्दळ डोळ्यांस दिसते. शेतीला जोडधंदाही हवाच असतो. हा धंदा करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. आधीं हिशेब करावा, एवढेंच म्हणणें आहे.

पुढील आंकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकानें त्यांच्या जागीं आपले आंकडे घालावे. समजा, दोन आंसांची मालमोटार २६ लाखांस पडली व ८ वर्षांनीं ती ६ लाखांस विकली जाईल. म्हणजे वर्षास घसारा अडीच लाख. गुंतलेलें भांडवल सरासरी १६ लाख. शेंकडा १० प्रमाणें त्याचें व्याज १ लाख ६० हजार. विमा, कर, परवाना व योग्यता-तपासणी मिळून ८० हजार. स्वतःची मजुरी दरमहा २० हजार, म्हणजे वर्षाची २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३० हजार रुपये. मोटार अंगणांत उभी असली तरी हा आंकडा हलत नाहीं.

आतां चालण्याचा खर्च. लिटरला ५ किलोमीटर व डिझेल ९० रुपये धरल्यास किलोमीटरास १८ रुपये. सहा टायर १ लाख २० हजारांचे व ते ५० हजार किलोमीटर टिकले, तर २ रुपये ४० पैसे. तेलपाणी, दुरुस्ती व टोल यांस ३ रुपये. एकूण २३ रुपये ४० पैसे.

मोटार वर्षांत ६० हजार किलोमीटर धांवली, तर दोन्ही मिळून खर्च किलोमीटरास ३५ रुपये ५७ पैसे येतो. ४० हजारच धांवली, तर ४१ रुपये ६५ पैसे. केवळ उभें राहण्याची ही किंमत आहे. आमच्या वनप्रदेशांत तर उभें राहण्याचे दिवस थोडे नसतात. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता कित्येक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे, आणि धानाची वाहतूक हंगामापुरतीच असते. म्हणून नव्या मालकानें अंदाज करतांना किलोमीटर कमी धरावे, जास्त धरूं नयेत.

दुसरी गोष्ट परतीच्या खेपेची. १०० किलोमीटर माल नेला आणि मोटार रिकामी परतली, तर भाडें २०० किलोमीटरांचें निघालें पाहिजे; म्हणजे वरील हिशेबानें ८,३३० रुपये. केवळ डिझेल मोजणारास खर्च ३,६०० दिसतो. तो ६,००० रुपयांस आनंदानें माल भरतो व २,४०० मिळविले असें समजतो. वास्तविक त्यानें २,३३० रुपये घालविलेले असतात.

ही तूट जादा माल भरून काढूं, असें कोणी म्हणतात. दोन आंसांच्या मोटारीची भरल्या वजनाची मर्यादा २०१८ सालीं १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेण्यांत आली. ती ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये आणखी ठरले. शिवाय टायर व पाटे लवकर जातात, तें निराळेंच.

हप्ते फिटले कीं मग सारें उत्पन्न आपलेंच, असेंही ऐकूं येतें. परंतु तोंवर मोटार जुनी होते, दुरुस्ती वाढते, आणि ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनीं होणारी योग्यता-तपासणी पुढें दरवर्षीं करावी लागते. घसारा बाजूस काढलेला नसेल, तर नव्या मोटारीस पुन्हां कर्जच.

खरा धोका याहून खोल आहे. २० लाखांचें कर्ज शेंकडा १० नें चार वर्षांत फेडावयाचें, तर हप्ता दरमहा सुमारें ५०,७०० रुपये येतो. भाडें कमी पडलें कीं तो धानाच्या पैशांतून भरला जातो. दोन्ही पैसे एकाच पिशवींत असल्यामुळें शेत मोटारीस पोसत आहे हें घरांत कोणास कळत नाहीं. कळतें तेव्हां जमीन गहाण पडण्याची वेळ आलेली असते.

यास्तव मोटारीची वही व बँकेचें खातें शेतीहून निराळें ठेवावें. प्रत्येक खेपेचे जातां-येतांचे किलोमीटर लिहावे. टायरांचा पैसा दरमहा बाजूस काढावा. ज्या सभासदांच्या मोटारी आहेत, त्यांनीं आपापला किलोमीटरी खर्च संघाच्या बैठकींत मांडावा, म्हणजे नव्या माणसास नमुन्याऐवजीं अनुभवाचे आंकडे मिळतील. भाड्याचा दर ठरविणें एकट्या मालकाच्या हातीं क्वचितच असतें. परंतु न परवडणारी खेप नाकारणें आणि हिशेब जुळत नसल्यास मोटारच न घेणें, हें सर्वस्वीं त्याच्या हातीं आहे. धानाचा भाव मागतांना आपण सरकारपुढें जी वही ठेवतों, तीच वही मोटार घेण्यापूर्वीं एकदां स्वतःपुढें ठेवावी.