गुलालाआधी तपासणी

घाटात गाडा पहिला आला की काय होतं, ते तुम्ही रीलवर शंभरदा पाहिलंय. गुलाल उडतो, डीजे लागतो, निवेदक गाडामालकाचं नाव चारदा आणि पुढाऱ्यांची नावं दहादा घेतो. बैलांच्या पाठीवर थापा पडतात, सेल्फी होतात आणि थोड्या वेळात बैल पिकअपमध्ये चढून घराच्या वाटेला लागतात. या सगळ्यात एक गोष्ट कधी दिसत नाही, कारण मी पाहिलेल्या घाटांत ती होतच नाही. जिंकलेल्या बैलांची तपासणी.

माझं भांडण या एका गोष्टीशी आहे.

मी शर्यतविरोधी नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर अर्धे लोक इथेच वाचणं सोडतील. मी आणे पठारावरचा. थापलिंगच्या यात्रेत घोडीमागे चार बैल घाट चढताना पाहून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याला मी काही समजवायला जाणार नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी दिली. मधली साडेसात वर्षं, म्हणजे अक्षरशः साडेसातीच, आम्ही मोर्चे पाहिले, निवेदनं दिली, रिकामे घाट बघितले. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

पण इतकी वर्षं आपण एकच वाद घालत राहिलो, शर्यत हवी की नको. तो संपला. आता ती खरी आहे का, हे विचारायची वेळ आली, तर सगळे गप्प.

कागदावर तपासणी आहे, नाही असं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आहे, काठी, चाबूक आणि विजेच्या झटक्याला बंदी आहे, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको असं आहे. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ऐकायला दणदणीत. पण प्रमाणपत्र मिळतं ते शर्यतीच्या आधी. बैल पळायला लायक आहे, एवढंच तो कागद सांगतो. प्रत्यक्ष बारीत त्याला कशाने पळवलं, हे त्या कागदाला कसं कळणार?

जिथे जिथे वेगावर बक्षीस लागतं, तिथे जग नेमकं उलटं वागतं. आपल्याच पुण्यात रेसकोर्स आहे. तिथे जॉकीला शर्यतीआधी तोलतात आणि शर्यत संपल्यावर पुन्हा तोलतात. जिंकलेल्या घोड्याचा नमुना डोप चाचणीसाठी घेतात. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. त्यातल्या रोटॅक्स मॅक्स प्रकारात इंजिनाला क्रमांक असलेलं सील असतं. ते सील तुटलं की इंजिन बाद, आणि उघडायचंच असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच. शर्यत संपली की कार्ट आणि पोरगा दोघांना काट्यावर घालतात. तिथे पळणारी बरीचशी मुलं शाळेतली असतात, तरी कुणी म्हणत नाही की लहान लेकरं आहेत, जाऊ द्या. फॉर्म्युला वनचं तर तुम्हाला माहीतच असेल. जुलै २०२४ मध्ये बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल जिंकला, पोडियमवर उभा राहिला, आणि मग गाडी काट्यावर दीड किलो कमी भरली. विजय गेला. ७९८ किलो पाहिजे होते, ७९६.५ भरले. एवढ्यावर.

इतक्या लांबही जायला नको. ५५ किलो गटाच्या कबड्डीला गावातल्या पोराला काट्यावर चढवतोच की आपण. तेव्हा काट्यावर कमी भरावं म्हणून उपाशी राहणारी पोरं मी पाहिलीत.

आणि बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार? आण्याहून उतरलं की आलंच. तिथे बैल घेणारा काय काय बघतो ते एकदा उभं राहून पाहा. तोंड उघडून दात मोजतो. खूर दाबतो. शेपूट उचलतो. चालवून बघतो, बसवून उठवून बघतो, खांद्याची सूज चाचपतो. विकणारा भावकीतला असला तरी बघतो, आणि विकणाऱ्यालाही त्याचा राग येत नाही. व्यवहार आहे, बघणारच. तोच माणूस यात्रा कमिटीवर बसला की मोटारसायकल नाहीतर ट्रॅक्टर बक्षीस देताना बैलाजवळ जातसुद्धा नाही. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला पहिल्या बक्षिसात जेसीबी होता. जेसीबी! बक्षीस इतकं वाढलं, पण तपासणी जुन्या नारळ-फेट्याच्या काळातच राहिली.

लबाडी कशी होते हे घाटात बसणाऱ्या कुणालाही विचारा, फक्त मोबाईल खिशात ठेवून विचारा. मुठीत मावेल एवढं बॅटरीचं यंत्र असतं. जुंपणीच्या जागी बैल धरायला पाच-सहाजण असतात, गर्दी असते, धूळ असते, आणि सुटायच्या क्षणी कुणाचा हात कुठे लागला हे कुणालाच दिसत नाही. कुणी खिळा वापरतं, कुणी शेपूट पिरगाळतं. काहीजण आधी काय पाजतात ते मी लिहीत नाही, शिकवणी नको. सातारा-सांगलीकडे मैदानात गाडे एकमेकांशेजारी पळतात, आणि तिथे आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट असतात. तिथला वाद बैलाच्या तोंडातला. दात आलेला बैल आदतमध्ये घातला, म्हणजे मोठ्या इंजिनाची गाडी लहान गटात पळवली. आमच्या घाटात वाद बैलाच्या ओळखीचा. मामाच्या नावावर एक टोकन, मेव्हण्याच्या नावावर दुसरं, आणि बैल तेच.

मागच्या एका हंगामातली गोष्ट आहे, घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गाडामालकाने पंचांना अर्ज केला. अर्ज म्हणजे काय, हात जोडून विनंतीच. पहिल्या आलेल्या गाड्याच्या जुंपणाऱ्या पोरांचे हात आणि खिसे बघा, आणि बैलाच्या मागच्या पायाजवळ खूण आहे का ते बघा, एवढीच मागणी. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माईकवरून उत्तर आलं की हा देवाचा घाट आहे, इथे कुणी कुणावर संशय घ्यायचा नाही. टाळ्या पडल्या. तो माणूस खाली मान घालून बैल सोडायला गेला. दूध, अंडी, उडदाचा खुराक, पिकअपचं भाडं, चार मित्रांची रोजंदारी बुडालेली, आणि वर संशयी माणूस हा शिक्का. देवाचं नाव घेतलं की घड्याळ बरोबर होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घड्याळाचंही बोलू. आमची बारी अकरा-बारा सेकंदांची, आणि निकाल लागतो शंभराव्या भागावर. वर निशाण पडतं, ते पाहून घड्याळवाला बटण दाबतो. म्हणजे आधी निशाणवाल्याचा डोळा, मग घड्याळवाल्याचा डोळा, मग त्याचं बोट. धावण्याच्या शर्यतीत हाताच्या घड्याळाची वेळ शंभराव्या भागापर्यंत धरतच नाहीत, पुढच्या दहाव्या भागापर्यंत वर नेतात. शंभर-दोनशे मीटरची ती वेळ विजेच्या घड्याळाशी ताडायची झाली तर ०.२४ सेकंद वाढवून धरायची पद्धत आहे, कारण माणसाचं बोट तेवढं मागे राहतं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर पोहण्यात अमेरिकेच्या लान्स लार्सनला तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१, ५५.१ दिले, ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटला तिन्ही घड्याळांनी ५५.२. सुवर्णपदक डेविटला मिळालं, कारण मुख्य पंचाला तो पुढे दिसला. ऑलिम्पिकची ही कथा, तर आमच्या घाटात पाच शतांशांनी ‘घाटाचा राजा’ ठरला यावर मी का विश्वास ठेवावा? काही घाटांत आता सेन्सरचं घड्याळ आणि मोठा पडदा आलाय. तिथे घड्याळावरची भांडणं कमी झाल्याचं मी स्वतः पाहिलंय. म्हणजे यंत्र आणायला आमची ना नाही. बैलाला हात लावायचा म्हटलं की ना आहे.

का? कारण तपासायचं कुणी, हा खरा अडसर आहे. यात्रा कमिटीची वर्गणी गाडामालकांकडून येते. पंच त्याच पंचक्रोशीतले. मोठा गाडामालक बहुतेक वेळा कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा मतदार आणि कुणाचा सावकार असतो. अशा माणसाच्या बैलाची शेपटी उचलायला सांगणं म्हणजे पुढच्या वर्षीची वर्गणी सोडणं. म्हणून तपासणारा बाहेरचा पाहिजे. पशुवैद्यक दुसऱ्या तालुक्यातला आणि वरच्या टोकाचे दोन पंच दुसऱ्या पंचक्रोशीतले. वर बांबू बांधून एक जागा अडवायची, पहिले तीन गाडे थेट तिथे, आणि तिथून सुटेपर्यंत ना हार, ना गुलाल, ना मालक. बैलाच्या कानात बारा आकडी बिल्ला असतोच, सरकारी नोंदणीला आणि लसीकरणाला लागतो तो. टोकन देताना तो नंबर लिहायचा आणि वर आल्यावर ताडायचा. आमच्याकडचं सील ते हेच, आणि त्याला एक रुपया लागत नाही. जुंपणाऱ्यांचे हात सुटायच्या आधी वर करून दाखवायचे आणि समोर एक कॅमेरा रोखून ठेवायचा. यूट्यूबवाले असतातच, त्यांना फक्त ड्रोन बाजूला ठेवून खाली उभं करायचं.

आणि तक्रारीला दार पाहिजे. मोटारस्पोर्टमध्ये निकाल लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत लेखी हरकत घ्यायची, सोबत पैसे भरायचे. हरकत खरी ठरली की पैसे परत. यात दोन फायदे आहेत. उगाच बोंब मारणारा गप्प बसतो आणि खरं बोलणाऱ्याला माईकसमोर हात जोडावे लागत नाहीत.

आता हमखास येणारं उत्तर. ‘हे सगळं लिहून तू पेटावाल्यांच्या हातात कोलीत देतोयस.’ हे मला घरातच ऐकायला मिळालंय. पण घटनापीठाने शर्यत कशावर टिकवली ते पाहा. परंपरेच्या प्रेमात पडून नाही. कायदा आणि नियम आल्यामुळे बैलाचा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो, हे मान्य करून टिकवली, आणि त्या नियमांची कडक अंमलबजावणी करा, असं जिल्हा प्रशासनाला बजावलं. म्हणजे आपला घाट नियमांच्या पायावर उभा आहे. मुठीतलं यंत्र लपवणारा माणूस तो पाया उकरतोय, आणि आपण त्याला ‘आपला माणूस’ म्हणून पाठीशी घालतोय. कोलीत कुणाच्या हातात आहे?

दुसरं उत्तर जरा गोड असतं. ‘बैल म्हणजे काय इंजिन आहे का? हा जीव आहे, श्रद्धा आहे.’ अगदी बरोबर. इंजिनाला झटका दिला तर त्याला लागत नाही. इंजिनाचं सील तुटलं तर हरणाऱ्याचं नुकसान होतं, तेवढंच. इथे हरणाऱ्याचंही होतं आणि जिंकणाऱ्या बैलाचंही, आणि तो बैल हरकतीचा अर्ज भरू शकत नाही. इंजिनाला एवढी तपासणी असेल, तर जिवाला जास्त पाहिजे की कमी?

खर्चाचं मला सांगू नका. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमचं आणे गाव कढयांवर कढया आमटी शिजवून हजारो लोकांना आमटी-भाकरी जेवू घालतं. पठारावर पाण्याची बोंब असताना. ज्या मुलखाला हे जमतं, त्याला बांबूची चौकट आणि एक वही जड जाते, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

येत्या हंगामासाठी हँडबिलं छापली जातील. घाटाचा राजा, फळीफोड, बक्षिसांची यादी, खाली पुढाऱ्यांचे फोटो. त्यात एक ओळ टाका, असं मी ओळखीच्या एका कमिटीला सांगून आलोय. ‘पहिल्या तीन गाड्यांची तपासणी गुलालाआधी होईल.’ अध्यक्षांनी चहा सांगितला, ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘अरे, मग गाडे येणार नाहीत.’ मी म्हटलं, कोणते येणार नाहीत त्यांची नावं द्या, मी लिहून घेतो.

ते हसले. हँडबिल अजून छापायला गेलेलं नाही.