जागचे न हलणारे शहाणे मूल

पाळणाघराच्या दारात संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पाच मिनिटे उभे राहिले, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, अशी आई दारातूनच विचारते, हल्ली बाबाही विचारतात : "त्रास नाही ना दिला?" आणि पाळणाघराच्या मावशी हसून सांगतात, "छे हो, फार शहाणा आहे. बसवला तिथून हलला नाही दिवसभर." आईचा जीव भांड्यात पडतो. अडीच वर्षांच्या मुलाने दिवसभर जागचे हलू नये, ही खरे तर काळजी करण्याजोगी गोष्ट. आपल्याकडे ती कौतुकाची ठरते.

बालवाडीतून निवृत्त झाल्यावर मी ठाणे-डोंबिवलीकडच्या दोन-तीन पाळणाघरांना जमेल तशी मदत करते. त्यामुळे हा संवाद मला तोंडपाठ झाला आहे. मावशींना दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. ज्या गुणाचे कौतुक होते तो गुण त्या मुलांत आणतात. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे आपण सारेच ऐकत मोठे झालो. पूर्वी ते पहिलीच्या वर्गात सुरू होई. आता दुपट्यातून बाहेर पडल्याबरोबर सुरू होते, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्यांनी त्यातली ६० मिनिटे तरी दमेपर्यंत खेळावे, असे त्यांत म्हटले आहे. वर्षाच्या आतल्या, अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसातून किमान अर्धा तास पालथे ठेवावे. आणि कोणत्याही लहान मुलाला खुर्चीत किंवा बाबागाडीत एका वेळी तासाभराहून अधिक अडकवून ठेवू नये.

आता हिशेब करू. मूल सकाळी साडेआठला पाळणाघरात येते आणि साडेसहाला घरी जाते. दहा तास झाले. सकाळ घाईत जाते. संध्याकाळी आईबाप थकलेले आणि कुकरची शिट्टी व्हायची असते. म्हणजे हे तीन तास बहुतांशी पाळणाघरातच मिळायला हवेत, नाहीतर ते मिळतच नाहीत.

यावर ठरलेले उत्तर येते : जागा कुठे आहे? प्रश्न खोटा नाही. कोकणपट्टीत चार महिने पाऊस, नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत मूल अंगणात सोडण्याची सोय नाही, आणि उरलेल्या दिवसांत इमारतीच्या हिरवळीवर 'खेळण्यास मनाई' अशी पाटी. पण अंगमेहनतीच्या खेळाला मैदानच लागते, हा समज आपल्या आज्या-पणज्यांनी केव्हाच खोटा पाडला आहे. मंगळागौर आठवा. श्रावणातला पाऊस बाहेर कोसळतो आहे, आणि मैदानावर जाण्याची ज्यांना कधी परवानगीच नव्हती अशा मुली माजघरात रात्र जागवत आहेत. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. उकिडवे बसून उड्या, एकमेकींच्या हातांवर तोल टाकून गरगर फिरणे, कंबरेतून झुकणे. दोघींना मिळून चार हात जागा पुरे. (आता हेच खेळ एकरंगी साड्या नेसून स्पर्धेत, परीक्षकांपुढे होतात. असो.) नऊवारी नेसून, भरल्या घरात जे जमत होते, ते चड्डी-बनियनमधल्या तीन वर्षांच्या पोराला का जमू नये?

मारिया मॉन्टेसोरीबाई १९३९ साली भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीच्या बालघरात जमिनीवर एक लंबवर्तुळाकार रेघ असते. त्या रेघेवरून पावलापुढे पाऊल ठेवत मुले चालतात. सराव झाला की हातात पाण्याचा पेला घेऊन, थेंब न सांडता. तीच पद्धत आपल्याकडच्या गरिबीला जुळवून घेत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभे केले, तेही हाताशी असेल त्या वस्तूंतून. खडू आणि फरशी प्रत्येक पाळणाघरात असते. ती रेघ काढायला मात्र कुणाच्या मनात येत नाही.

मी जाते त्यातल्या एका पाळणाघराची खोली दहा बाय चौदाची आहे आणि मुले चौदा. दहा वाजता गाद्या भिंतीशी रचल्या जातात आणि तोच डोंगर होतो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जुनी चादर टाकली की बोगदा. मोज्यांचे गुंडाळून केलेले चेंडू बादलीत टाकायचे. ते लागत नाहीत, काही फोडत नाहीत आणि कपाटाखाली गेले तर काढायला पालथे पडून सरपटावे लागते, हा फायदा वेगळाच. खडूच्या एका रेघेवर तळ्यात-मळ्यात होते. 'शिवाजी म्हणतो' चालू झाले की बेडूक, खेकडा, हत्ती अशा चाली येतात. आणि मुलांचा सर्वांत आवडता खेळ कोणता म्हणाल, तर ओले फडके घेऊन रांगत फरशी पुसणे! खांदे, दंड, मनगटे, गुडघे, सगळ्यांना काम. पायांत मोजे ठेवायचे नाहीत, अनवाणी खेळायचे, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास उड्या बंद, एवढेच नियम.

खाली राहणाऱ्या आजोबांनी धपधप आवाजाची तक्रार सोसायटीकडे केली होती. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. दुपारची झोप त्यांनाही हवी. शेवटी ठरले की उड्या सकाळी दहा ते साडेअकरा आणि चारनंतर, आजोबा फिरायला गेल्यावर. दुपारी झोपून उठल्यापासून चार वाजेपर्यंत आवाज न करता हलायचे : मांजराच्या पावलांनी चालणे, एका पायावर बगळा होणे, साप होऊन सरपटणे. गंमत म्हणजे हे उड्यांपेक्षा कठीण आहे. पाऊल अलगद टेकवायचे तर सगळे अंग ताब्यात लागते.

तान्ह्यांची गोष्ट वेगळी. पूर्वी पांगुळगाडा असे. मूल आपल्या पायांवर उभे राहून तो ढकलत असे, पडत असे, उठत असे. आता चाकांचा वॉकर आला. त्यात मूल झोळीत बसल्यासारखे असते आणि बोटांच्या टोकांनी जमीन ढकलते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदी घातली, कारण त्यातून मुले जिन्यावरून पडत. आपल्याकडे ते बारशाला भेट म्हणून येतात आणि पुढे पाळणाघरात जमा होतात.

आईबापांचे म्हणणे मला ऐकू येते : हे सगळे ठीक, पण लिहायला कधी शिकवणार? अहो, पेन्सिल बोटांनी धरायची असली तरी तिचे ओझे खांदा आणि मनगट पेलतात. अंगाची ताकद धडाकडून बोटांकडे जाते. उलटी जात नाही. फरशी पुसणारे मूल लिहिण्याचीच तयारी करत असते, पण वहीत त्याचा पुरावा दिसत नाही. मोबाइलवर कॅमेऱ्यातून पाहताना बसलेली मुले फार गोड दिसतात; गादीवरून कोलमडणारे दिसले की लगेच फोन येतो. गुडघ्यावरच्या खरचटीचा जाब विचारणारे पालक मी पुष्कळ पाहिले. आज तो दमला का, असे विचारणारे अगदी थोडे.

खरी अडचण जागेची नाही, खेळण्यांची तर नाहीच. ती माणसांची आहे. चौदा मुले आणि एकटी मावशी असली, तर ती त्यांना बसवूनच ठेवणार. दुसरे ती काय करील? सात मुलांना बोगद्यात सोडायचे, तर उरलेल्या सातांजवळ दुसरे कुणीतरी हवे. आंगणवाडीतही एक सेविका आणि एक मदतनीस असतात, आणि त्यांच्याच अंगावर आहार आणि नोंदवह्या. कागदाच्या कामातून सेविका मोकळी झाली तरच मुले उठून उभी राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या खोलीत दुसरी मावशी ठेवायचा विचार निघाला, तेव्हा पालकांची सभा बोलावली. फीमध्ये थोडी वाढ होणार होती. कॅमेऱ्यासाठी गेल्या वर्षी वाढ मागितली होती तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. या वेळी दीड तास चर्चा झाली. एका वडिलांनी विचारले की नव्या बाई इंग्रजी बोलतील का. शेवटी अर्ध्या दिवसाला संमती मिळाली. जूनपासून त्या दहा ते दोन येतात. चारनंतरच्या उड्यांना अजून एकच मावशी आहे, म्हणून तेव्हा सातजण खेळतात आणि सातजण भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहतात.