पेशी कमी? स्मिअर पाहिला का?

परीक्षा, सबमिशन, मेसचं जेवण, रात्रीची जागरणं. होस्टेलमध्ये कुणाला थकवा आला की ‘वीकनेस आहे रे, होईल बरं’ म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण थकव्यासोबत हिरड्यांतून सारखं रक्त येतंय, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उठताहेत, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्तस्राव होतोय, तर मात्र उद्यावर ढकलू नका.

ही एपीएलची, म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची लक्षणं असू शकतात. रक्ताच्या कॅन्सरचा हा दुर्मीळ प्रकार तरुण वयातही होतो. यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि मेंदूत रक्तस्राव होऊन काही दिवसांत जीव जाऊ शकतो. पण वेळेत सापडला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं ‘एट्रा’ हे औषध शांघायच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात यावर वापरलं. दुसरं औषध आर्सेनिक, आपला जुना सोमल! त्यावर वेल्लोरच्या सीएमसीतही मोलाचं काम झालंय.

म्हणजे औषध आहे; घोडं अडतं ते निदानापाशी. ताप, प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशीही कमी, असा रिपोर्ट पावसाळ्यात आला की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं : डेंगी. एपीएलमध्येही पांढऱ्या पेशी अनेकदा वाढण्याऐवजी घटतात. सोबत हिमोग्लोबिनही उतरलेलं असेल, तर शंका घ्यायलाच हवी. मशिनने मोजलेले आकडे इथे पुरत नाहीत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली पाहावा लागतो. हाच स्मिअर. त्यात संशयास्पद पेशी दिसल्या, तर १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत का, हे जनुकीय चाचणी सांगते. तो रिपोर्ट येईपर्यंतही थांबायचं नसतं. दाट संशय आला की डॉक्टर ‘एट्रा’ सुरू करतात.

लॅबच्या रिपोर्टवर पात्र पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. तरी नुसत्या शिक्क्यावर चालणाऱ्या लॅब संपलेल्या नाहीत. त्यांना चाप लावणं प्रशासनाचं काम आहे. कॉलेजांनीही आरोग्य तपासणी म्हणजे वजन-उंचीचा फॉर्म भरून घेणं, एवढ्यावर भागवू नये.

आणि आपण? गुगल करून घाबरायचं नाही, टॉनिक पिऊन गप्पही बसायचं नाही. रूममेटचा रिपोर्ट हातात आला आणि सगळ्याच पेशी कमी दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, ‘स्मिअर पाहिला का?’