लिफ्टचं बटण आणि आपण सही न केलेला करार

ऑक्टोबर २००८. फ्रान्समधल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं जोडणाऱ्या कामगारांना कळलं की आपण रोज ज्या बटणांना हात लावतो ती किरणोत्सारी आहेत. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० मिसळलेलं होतं. सामान्य माणसासाठी वर्षाला जेवढा किरणोत्सार चालतो असं मानतात, त्यापेक्षा जास्त मात्रा वीस कामगारांना मिळाली होती. सुमारे पाचशे लिफ्टमधली बटणं काढायची वेळ आली. मग माग काढत काढत तपास उलटा निघाला आणि येऊन थांबला आपल्या महाराष्ट्रात. रायगड जिल्ह्यात, खोपोलीतल्या एका ओतकाम कारखान्यात.

झालं होतं ते असं. भंगारात कुठून तरी कोबाल्टचा एक स्रोत आला. भट्टीत बाकीच्या लोखंडाबरोबर वितळला. त्या पोलादाच्या वस्तू झाल्या, खोक्यात भरल्या, जहाजावर चढल्या. आपल्या एकाही दारावर घंटा वाजली नाही. वाजली ती परदेशात.

या बातमीत फ्रेंच कामगारांबद्दल जेवढं वाचायला मिळालं, तेवढं खोपोलीत ती भट्टी पेटवणाऱ्या, तो माल घासणाऱ्या, उचलणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही कधी वाचलंत का? यातच या लेखाचा सगळा मुद्दा आहे.

वढूपासून रांजणगावपर्यंत

हे वढू बुद्रुकमधून लिहिण्याला कारण आहे. इथे लोक संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला येतात, फोटो काढतात, निघतात. निघाले की कोरेगाव भीमाला नगर रस्त्याला लागतात. तिथून सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव. रस्त्याच्या कडेला मोठाल्या कंपन्यांचे बोर्ड दिसतात. त्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, ताडपत्री, वजनकाटा आणि लोखंडाचे ढीग असतात. भंगारवाले. कंपनीचं भंगार कोण उचलणार यावर या पट्ट्यात काय काय चालतं, हे इथल्या पोराला सांगायला नको. त्या भंगारात नेमकं काय आहे हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

घातक रासायनिक कचरा म्हणजे काय हे शिरूर तालुक्याला माहीत आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत अशा कचऱ्याचा सामाईक प्रकल्प आहे आणि तो जिल्ह्याबाहेरचाही कचरा घेतो. पण किरणोत्सारी कचरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट तारापूर येतं, नाहीतर जैतापूर, नाहीतर चेर्नोबिलवरची वेबसिरीज. म्हणजे कुठेतरी लांब, मोठ्या घुमटाखाली, शास्त्रज्ञांच्या ताब्यात.

असं नसतं. वेल्डिंग नीट झालंय का हे तपासायला इरिडियम-१९२ वापरतात. कॅन्सरच्या उपचारांसाठी कोबाल्ट वापरतात. लासलगावला कांदा टिकावा म्हणून आणि वाशीला मसाले निर्जंतुक व्हावेत म्हणून गॅमा किरणांचा मारा करण्याची केंद्रं सरकारनेच उभारली, आणि त्यात गैर काहीच नाही. पण या प्रत्येक यंत्राच्या पोटातला स्रोत कधी ना कधी निकामी होतो. निकामी म्हणजे कामासाठी कमजोर. माणसाला मारायला तो पुरेसा असतो. त्या दिवशी त्याचा मालक कोण, हाच खरा प्रश्न.

दिल्लीने दिलेलं उत्तर

२०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं एक गॅमा यंत्र होतं. १९८५ नंतर ते कुणी वापरलंच नव्हतं. पंचवीस वर्षांनी ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आतलं कोबाल्ट हातोहात गेलं. अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. यंत्राची खरेदी नोंदलेली होती, लिलावही नोंदलेला होता. आत काय आहे हे मात्र विकणाऱ्याच्या लक्षात नव्हतं आणि फोडणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

आता कुणी म्हणेल, यंत्रावर ते तीन पात्यांचं चिन्ह असतं ना? असतं. पण ते चिन्ह पाहून लोकांना पंखा आठवतो. ही माझी थट्टा नाही. हे चिन्ह लोकांना कळत नाही हे मान्य करूनच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, म्हणजे आयएईएने, नवं चिन्ह आणलं. लाल त्रिकोण, किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ११ देशांतल्या लोकांना दाखवून ते निवडलं गेलं आणि त्यात भारतही होता. उद्या सणसवाडीच्या कुठल्याही भंगाराच्या दुकानात जा, फोनवर दोन्ही चिन्हं दाखवा आणि विचारा. उत्तर तुम्हीच ऐका.

सही कुठे अडली?

या सगळ्यावर जगाने एक करार केलेला आहे. वापरलेलं अणुइंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या सुरक्षिततेचा संयुक्त करार. १९९७ मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला आणि २००१ पासून अमलात आहे. ऐंशीहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स, ब्रिटन, जपान, सगळे. भारत नाही.

करारात असं काय भयंकर आहे? दर तीन वर्षांनी प्रत्येक देशाने आपल्याकडे किती कचरा आहे, कुठे आहे, कसा ठेवलाय आणि पुढे त्याचं काय करणार याचा अहवाल मांडायचा. बाकीच्या देशांनी तो वाचून प्रश्न विचारायचे आणि त्यांना उत्तरं द्यायची. कचरा एका देशातून दुसऱ्या देशात जाणार असेल तर आधी कळवायचं आणि घेणाऱ्याची संमती घ्यायची. अठ्ठाविसावं कलम तर खास निकामी स्रोतांबद्दलच आहे. असे स्रोत सुरक्षित ठेवणं ही देशाची जबाबदारी, आणि आपल्या कायद्याने परतफेड मान्य केली असेल तर उत्पादकाकडे परत जाणाऱ्या स्रोताला दार उघडं ठेवायचं. या एका कलमाने मायापुरी टळलीच असती असं मी म्हणत नाही. पण निकामी स्रोतांचं तुम्ही काय करता हे दर तीन वर्षांनी भर सभेत सांगावं लागलं असतं, तर कपाटामागे पंचवीस वर्षं पडून असलेल्या यंत्रांची आठवण कुणाला तरी झाली असती.

सही न करण्याच्या बाजूने जे बोललं जातं ते एकेक करून पाहू.

पहिलं, गुप्तता. आपल्याकडे अण्वस्त्रं आहेत, सगळं उघड कसं करणार? नका करू. लष्करी कार्यक्रमातला कचरा देशाने स्वतःहून आत आणल्याशिवाय या कराराला लागूच होत नाही. म्हणून तर पाचही जुनी अण्वस्त्रधारी राष्ट्रं निवांत आत बसली आहेत. शिवाय चालू अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेचा जो वेगळा करार आहे, त्यात भारत २००५ पासून आहेच. तिथे आपण अहवाल देतो, प्रश्न घेतो, उत्तरं देतो. म्हणजे धगधगती भट्टी दाखवायला हरकत नाही, राख मात्र राष्ट्रीय गुपित!

दुसरं, आपल्याकडे हा कचरा नाहीच, ही संपत्ती आहे. भारत वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करून प्लुटोनियम काढतो, त्यामुळे आपलं गणित वेगळं. पण फ्रान्स हेच करतो आणि करारात आहे. जपानचं धोरणही तेच आणि तोही करारात आहे. शिवाय प्रक्रियेनंतर जे जहाल द्रावण उरतं, ते काचेत गोठवावंच लागतं. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कमला आपण ते करतो. ती काच काही दशकं थंड केल्यावर कायमची कुठे पुरायची, याचं ठिकाण भारतात आजही नाही. फिनलंडने ओल्किलुओटोला चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खणले. आपल्याकडे ठरलेलं उत्तर असं की प्रमाण कमी आहे, सध्या गरज नाही. नियोजित जैतापूर ९,९०० मेगावॉटचं, आणि २०४७ पर्यंत देशाचं लक्ष्य १०० गिगावॉटचं. मग प्रमाण कमी कुठवर राहणार?

तिसरं, आपले शास्त्रज्ञ हुशार आहेत. आहेतच. काचेत कचरा गोठवण्याचं तंत्र आपण स्वतः उभं केलं, आणि कचऱ्यातून सिझियम वेगळं काढून रक्तपेढ्यांच्या उपयोगी आणलं. याचा अभिमान मलाही आहे. पण डॉक्टर हुशार आहे म्हणून पेशंटने रिपोर्ट बघायचाच नाही का? १९६२ चा अणुऊर्जा कायदा माहिती रोखण्याचे मोठे अधिकार सरकारला देत आला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या नियामक मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य नाही, असं २०१२ मध्ये कॅगने बजावलं. त्यासाठी २०११ मध्ये आणलेलं विधेयक लोकसभेबरोबर विरून गेलं. असं असताना बाहेरच्या चार जाणकारांनी प्रश्न विचारले तर बिघडतं कुठे?

हुशार लोकांचीही चूक कशी होते ते अमेरिकेत दिसलं. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थराखाली, जमिनीत खोल, लष्करी कचरा पुरायची जागा आहे. २०१४ मध्ये तिथलं एक पिंप फुटलं. कारण काय, तर कचऱ्यातला ओलावा शोषायला मांजराच्या शौचासाठी वापरतात तसला भुसा घातला होता आणि तो खनिज प्रकारचा घालण्याऐवजी सेंद्रिय घातला गेला. नायट्रेटशी त्याची प्रक्रिया झाली. जागा जवळपास तीन वर्षं बंद राहिली. ही माहिती मला पुण्याजवळच्या एका गावात बसून मिळते, कारण चौकशी अहवाल खुला आहे. तारापूरच्या एखाद्या पिंपाबद्दल असं काही डहाणू-पालघरच्या पोरांना वाचायला मिळेल?

तारापूरचा अनुभव तरी आठवा

एकट्याने निभावू म्हणणाऱ्यांनी तारापूरचा इतिहास वाचावा. १९६३ मध्ये अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला. १९६९ मध्ये भट्ट्या सुरू झाल्या. इंधन अमेरिकेने द्यायचं. पुढे पोखरण झालं, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि पुरवठा आटला. १९८२ पासून फ्रान्सकडून इंधन घेतलं गेलं. पण वापरलेल्या इंधनाचं काय? अमेरिकेने ते परत नेलं नाही, आणि त्यावर प्रक्रिया करायला मान्यताही दिली नाही. वर्षानुवर्षं ते तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत साठत गेलं. इंधन कुणाचं यावर वॉशिंग्टन आणि दिल्ली भांडत राहिले, शेजार मात्र पालघरच्या मच्छीमारांना घडला.

यावरून काही जण म्हणतील, बघा, परदेशी लोकांच्या नादी लागू नये. मी उलट म्हणतो. दोन देशांच्या बंद खोलीतल्या कराराचा हा परिणाम आहे. जिथे ऐंशी देश बसतात आणि कागद टेबलावर असतो, तिथे एकाची दादागिरी इतकी सहज चालत नाही.

अणुऊर्जेच्या विरोधातल्या मित्रांनाही एक सांगायचं आहे. तुमचं म्हणणं असं की हा करार दात नसलेला आहे, मोडला तर शिक्षा नाही, आणि आयएईए अणुऊर्जेची भलामण करणारी संस्था आहे. खरं आहे. पण आंदोलनाला कागद लागतो. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून राष्ट्रीय सुरक्षेचं कारण छापलेलं उत्तर घेण्यापेक्षा, सरकारने स्वतः सही करून जगाला दिलेला अहवाल हातात असलेला बरा. उद्या अणुभट्ट्या सगळ्या बंद केल्या तरी आतापर्यंतचा कचरा राहणारच. प्लुटोनियमचं अर्धं आयुष्य चोवीस हजार वर्षं आहे. ते आपल्या आंदोलनाचा निकाल लागायची वाट बघत नाही.

मागायचं काय?

स्पेनमध्ये १९९८ साली एका पोलाद कारखान्यात सिझियमचा स्रोत वितळला आणि त्याचा धूर फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीतल्या मापकांवर उमटला. पुढच्याच वर्षी तिथे सरकार, पोलाद उद्योग आणि कामगार संघटना एकत्र बसल्या आणि भंगार तपासायचं कसं, सापडलं तर कुणाला कळवायचं, उचलून कोण नेणार याचा लेखी करार झाला. आपल्याकडे खोपोली झाली, दोन वर्षांत मायापुरी झाली. मग बंदरांवर किरणोत्सार पकडणारी यंत्रं बसवायच्या मुदती ठरल्या आणि त्या पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या.

म्हणून मागण्या तीनच, आणि तिन्ही साध्या.

एक, भारताने संयुक्त करारात सामील व्हावं, आणि त्याचा राष्ट्रीय अहवाल मराठीतही प्रसिद्ध व्हावा. तारापूर आणि जैतापूर ज्यांच्या दारात आहे त्यांना तो इंग्रजीत कशाला?

दोन, खोपोली, तळोजा, चाकण, रांजणगाव अशा प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात भंगाराच्या वजनकाट्यावर मापक हवा. ट्रकचं वजन करता तसा किरणोत्सारही मोजा. खर्च भंगार विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून घ्या, फोडणाऱ्या माणसाकडून नको.

तीन, संशयास्पद वस्तू सापडली म्हणून कळवणाऱ्या भंगारवाल्यावर गुन्हा दाखल होणार नाही, वस्तू सरकार फुकट उचलून नेईल आणि भंगाराचा भाव त्याला मिळेल, ही लेखी हमी. पोलिसांचा ससेमिरा लागणार असेल तर तो माणूस ती वस्तू ढिगात खाली सारणार, हे समजायला अणुशास्त्रज्ञ असायची गरज नाही.

तुमच्या खासदाराचं इन्स्टाग्राम तुम्हाला माहीत आहे. पुढच्या अधिवेशनात एक प्रश्न विचारायला सांगा: संयुक्त करारावर भारत सही कधी करणार, आणि करणार नसेल तर नेमकं कारण काय? उत्तर लेखी मागा. मिळालं की सगळ्यांना दाखवा.