वाट वाकडी करावी अशी डिचोली

आपल्या वाचक कुटुंबांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोव्यात आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथून वर्षा-दोन वर्षांनी सहकुटुंब निघावे, मडगावला उतरावे, फोंडा महालातील देवस्थानात अभिषेक करून प्रसाद घ्यावा, मुलांच्या हट्टासाठी एक संध्याकाळ समुद्रकिनारी घालवावी आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी गाठावी, असा एक शिरस्ताच पडून गेला आहे. या धावपळीत देवदर्शन घडते. परंतु ज्या भूमीने ते देव सांभाळले तिची ओळख व्हायची राहून जाते. म्हणून या महिन्यात, समुद्रापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या डिचोली नावाच्या लहानशा शहरात दोन-तीन दिवस कसे घालवावेत, हे सांगण्याचे योजिले आहे.

डिचोलीत समुद्र नाही, मोठी उपाहारगृहे नाहीत आणि प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत तिचे नावही क्वचितच आढळते. सत्तरीच्या रानात जाणारा प्रवासी येथे चहापुरता थांबतो आणि पुढे निघून जातो. त्याने थांबावे असे आम्हाला वाटते, त्याला कारण आहे. सांभाळून ठेवणे म्हणजे काय आणि गमावणे म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी या एका तालुक्यात पाच-दहा कोसांच्या आत डोळ्यांनी पाहता येतात. घरापासून दूर राहून आपली भाषा व आपले कुळाचार टिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हा धडा विशेष जवळचा आहे.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावपर्यंत जाऊ नये. थिवी स्थानकावर उतरावे, तेथून डिचोली अगदी जवळ आहे. विमानाने येणाऱ्यांसाठी पेडणे तालुक्यात मोपा येथे २०२३ सालापासून नवा विमानतळ सुरू झाला आहे. पणजी आणि म्हापसा येथूनही कदंबच्या व खाजगी बसगाड्या मिळतात.

शक्य असेल तर बुधवार साधावा, कारण तो येथील आठवड्याच्या बाजाराचा दिवस. उकडे तांदूळ, सोले, गावठी मिरची, रानातली कंदमुळे, केळ्यांचे लोंगर आणि लाल मातीची मडकी यांनी बाजार भरून जातो. डिचोलीचे कुंभारकाम जुन्या लौकिकाचे. घरी नेण्यासारखी एखादी वस्तू घ्यायचीच, तर शिंपल्यांच्या माळेऐवजी येथील एखादे मातीचे भांडे घ्यावे. ते वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. गावातील टेकडीवर नमाजगाह नावाची जुनी वास्तू आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर हा संभाजी महाराजांच्या आश्रयास आला होता, त्या काळाशी परंपरा तिचा संबंध जोडते. हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्यांना शांतादुर्गेचा ‘नवा सोमवार’ हा उत्सव लाभण्याचा संभव असतो. पालखी निघते आणि गायनाच्या बैठका रात्रभर रंगतात. संगीताची आवड असलेल्या कुटुंबाने तर तिथी विचारूनच प्रवास ठरवावा.

पहिल्या दिवसाचा उत्तरार्ध नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वरासाठी राखून ठेवावा. वाटेत मये गावचे तळे लागते. चहूबाजूंनी टेकड्या, मध्ये संथ पाणी; मुलांना तास-दीड तास सहज रमवील असे हे स्थळ आहे.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत. राजांच्या बिरुदावलीत आणि नाण्यांवरही या देवाचे नाव असे. त्याचे मूळ देऊळ मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर होते. बहामनी आक्रमणात ते पडले, विजयनगरच्या अमदानीत माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि १५४० च्या सुमारास पोर्तुगीज राजवटीत पुन्हा जमीनदोस्त झाले. मग भक्तांनी देवाला नदीपार, पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर असलेल्या डिचोली महालात आणले. तेथे साध्या निवाऱ्यात असलेल्या या देवाचे मंदिर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, बांधावयास घेतले गेले. त्याची नोंद सांगणारा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. अलीकडे जीर्णोद्धार होऊन २०२३ साली मंदिर पुन्हा भक्तांसाठी खुले झाले. श्रावणातील गोकुळाष्टमीला येथे मोठी जत्रा भरते आणि लोक नदीत तीर्थस्नान करतात.

दर्शन झाल्यावर लगेच परत फिरू नये. जवळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस जाता येते. तेथे जुन्या देवळाच्या परिसरातील कोटितीर्थाचे तळे अजून आहे. ज्या पाण्यावरून देव आला तेच पाणी आपण उलट दिशेने ओलांडतो. ज्येष्ठांनी हा इतिहास मुलांना बोटीतच सांगावा. चार ओळींच्या पाठ्यपुस्तकाने जे होत नाही ते पाचदहा मिनिटांच्या त्या प्रवासाने होईल.

दुसऱ्या दिवशी आठ-नऊ किलोमीटरांवरील हरवळ्याकडे निघावे. जांभ्या दगडात कोरलेल्या येथील गुंफांना लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात. त्या मुळात बौद्धांच्या की शैवांच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आज आत शिवलिंगे आहेत व त्यांपैकी एकावर ब्राह्मी लिपीतील लेख आहे. जवळच रुद्रेश्वराचे देऊळ आणि त्यालगत हरवळ्याचा धबधबा. पावसाळ्यात व त्यानंतरचे दोनतीन महिने तो पाहण्यासारखा असतो. मात्र पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तेथून साखळी हाकेच्या अंतरावर आहे. वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूर म्हणून वस्ती आहे, तेथे विठ्ठलाचे देऊळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री या नदीत रोषणाई केलेल्या नौका सोडतात. साखळीचे दत्तमंदिरही भाविकांत प्रसिद्ध आहे.

येथे भजनाच्या वेळी थोडे थांबावे. घरात आणि बाजारात कोकणी बोलणारी माणसे देवापुढे अभंग म्हणतात ते मराठीत. हा महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. सोळाव्या शतकातील जबरदस्तीचा काळ तोवर ओसरला होता, म्हणून येथील देवळे उभी राहिली. तरीही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राज्यकारभार परकीय भाषेतच चालत होता. अशा स्थितीत मराठी टिकली ती भजन, कीर्तन, गावोगावची नाटके आणि खाजगी शाळा यांच्या आधाराने. पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही त्यात तरतूद झाली. या दोन भाषांविषयीचे वाद पाहुण्याने उकरून काढू नयेत. सरकारचा आश्रय नसतानाही माणसे आपली भाषा नित्याच्या उपासनेतून कशी जपतात, एवढे मात्र अवश्य पाहून घ्यावे.

आता दुसरी बाजू. नार्वे, मये, शिरगाव या वाटांवरून जाताना हिरव्या टेकड्यांच्या मधोमध तांबडे, उघडे बोडके डोंगर दिसतील. ते निसर्गाने केलेले नाहीत. लोहखनिजासाठी जमीन खोदताना निघालेल्या मातीचे ते ढीग आहेत. एक टन खनिज मिळवायचे तर दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. १९५० नंतर वाढत गेलेला हा व्यवसाय २०१०-११ च्या सुमारास वर्षाला जवळपास पाच कोटी टनांच्या निर्यातीपर्यंत पोहोचला. त्या दिवसांत डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे, आणि झाडांची पाने तांबड्या धुळीने माखलेली असत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव झाले व २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले.

या प्रकरणात दोषाचे माप एकाच पारड्यात टाकणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या शेकडो घरांची चूल मंदावली. खाणी चालू होत्या तेव्हा शेतांत माती वाहून आली, आणि शिरगावसारख्या गावी विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. हेच शिरगाव देवी लईराईच्या वैशाखातील जत्रेसाठी आणि धोंडांच्या अग्निदिव्यासाठी प्रसिद्ध आहे. (२०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. लहान मुलांना व वृद्धांना घेऊन मुख्य रात्रीच्या गर्दीत शिरू नये; दर्शनास दुसरा दिवस निवडावा.) आपण दोन दिवसांचे पाहुणे, निकाल देणे आपले काम नव्हे. परंतु घरातील लोखंडी वस्तू कोठून येते आणि तिची किंमत दुकानाखेरीज आणखी कोण चुकविते, हे मुलांना एकदा दिसलेले बरे.

तिसरा दिवस रानासाठी. साखळीवरून वाळपईकडे गेले की सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्य लागते. १९९९ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरांचे आहे. येथूनच दक्षिणेकडे मोलेचे भगवान महावीर राष्ट्रीय उद्यान आणि तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वन खात्याकडे परवानगीची चौकशी करावी, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, पावसात जळवांची तयारी ठेवावी आणि वाघ दिसेलच अशी आशा धरू नये. फुलपाखरे, धनेश, शेकरू आणि वाहते पाणी एवढे लाभले तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे.

वाघ मात्र येथे आहेत. या भागात वाघाची दगडी प्रतिमा ‘वाघ्रो’ म्हणून पुजण्याची जुनी चाल आहे. असे असूनही २०२० च्या जानेवारीत याच रानात चार वाघ मेलेले सापडले. गुरे मारली गेल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचा संशय होता. ज्या हातांनी पूर्वी वाघ्रोला नारळ ठेवला, त्या हातांवर ही वेळ यावी, याचा अर्थ रान आणि घर यांमधली ओळख तुटत चालली आहे. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने येथे व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला; पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ वाचावा आणि ज्याची दुभती गाय गेली त्याच्याही घरी भरपाई वेळेवर पोहोचावी, या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. पहिली दुसरीवाचून टिकणार नाही, असेच आम्हांस वाटते.

देव नदीपार नेता आला, कारण तो माणसांनी खांद्यावर घेतला. भाषा राखता आली, कारण ती रोज सायंकाळी गळ्यातून उमटत राहिली. पण डोंगर आणि नदी यांना खांद्यावर घेऊन दुसरीकडे हलविता येत नाही. ती जेथे आहेत तेथेच सांभाळावी लागतात. डिचोलीच्या तीन दिवसांत हे जितके स्पष्ट कळते तितके एखाद्या व्याख्यानातून क्वचितच कळेल.

जाण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कुटुंबाची सोय होईल अशी साधी निवासस्थाने डिचोली, मये व साखळी येथे मिळतात. सणासुदीस आधी ठरवून ठेवावे. देवळात पोशाखाचे नियम पाळावेत. खानावळीत खतखते व सोलकढी मिळाल्यास सोडू नये, आणि जत्रा असेल तर आल्याच्या स्वादाचे खाजे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी बांधून आणावे. पुढच्या खेपेस कुलदैवताच्या दर्शनाची तिकिटे काढताना परतीची तारीख तीन दिवस पुढे ढकलावी, एवढेच या महिन्याचे सांगणे.